विश्लेषण : राग खरा, पत्ता चुकीचा! मुंबई इंडियन्सचे चाहते हार्दिकवरच का तुटून पडले?

संघ हरला की कर्णधाराला बोल लावायचे, ही आपली जुनीच सवय. पण २०२४ च्या आयपीएलमध्ये वानखेडेवर जे घडले ते या सवयीच्या बरेच पलीकडचे होते. घरच्या मैदानावर, घरच्याच संघाच्या कर्णधाराची नाणेफेकीलाच हुर्यो उडवली गेली. त्या मोसमात मुंबईने वानखेडेवर तोवर एकही चेंडू खेळला नव्हता. हरसूलसारख्या गावातून वानखेडे रस्त्याने दीडशे किलोमीटरहून अधिक दूर. तिथला चाहता स्टेडियमचे तिकीट क्वचितच काढतो. तो सामना मोबाइलवर पाहतो आणि राग व्हॉट्सअ‍ॅपवर काढतो. त्या दिवशी स्टेडियममधला आणि मोबाइलवरचा, दोन्ही आवाज एकच होते. त्या रागामागे कारण होते, पण तो गेला भलत्याच माणसावर.

नेमके काय घडले होते?

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस मुंबई इंडियन्सने हार्दिक पंड्याला गुजरात टायटन्सकडून परत घेतले. पैशांच्या जुळवाजुळवीसाठी कॅमेरून ग्रीनला बंगळूरुकडे दिले गेले. हार्दिकच्या बदल्यात गुजरातला किती रक्कम मिळाली, हे जाहीर झाले नाही. १५ डिसेंबर २०२३ रोजी संघाने एक निवेदन काढले आणि रोहित शर्माच्या जागी हार्दिक कर्णधार असल्याचे सांगितले. झाले ते इतकेच.

पुढचे सगळ्यांच्या लक्षात आहे. २४ मार्च २०२४ रोजी अहमदाबादेत गुजरातच्या प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. ती समजण्यासारखी होती. त्यांना सोडून गेलेला कर्णधार समोर उभा होता. तीन दिवसांनी हैदराबादने मुंबईविरुद्ध ३ बाद २७७ धावा कुटल्या. १ एप्रिलला संघ वानखेडेवर आला, तेव्हा नाणेफेकीला समालोचक संजय मांजरेकर यांना प्रेक्षकांना नीट वागण्याची विनंती करावी लागली. त्याच सामन्यात सीमारेषेवर उभ्या रोहितने स्वतः प्रेक्षकांना हाताने शांत राहण्याची खूण केली. राजस्थानविरुद्धचा तो सामना मुंबई हरली. सलग तीन पराभवांनंतर ७ एप्रिलला दिल्लीविरुद्ध पहिला विजय मिळाला. पण मोसम सावरला नाही. १४ पैकी ४ विजय, ८ गुण, दहा संघांत दहावा क्रमांक.

चाहते इतके का चिडले?

फक्त पराभवांमुळे नव्हे. दोनच वर्षांपूर्वी, २०२२ मध्ये, रोहितच्याच नेतृत्वाखाली मुंबईने पहिले सलग आठ सामने गमावले होते. तेव्हाही ४ विजय, तेव्हाही ८ गुण आणि तेव्हाही दहावा क्रमांक. त्या मोसमात वानखेडेवर रोहितची हुर्यो उडाली नाही. म्हणजे गुणतक्ता तोच, राग मात्र वेगळा. इथेच पराभव हे खरे कारण नसल्याचे लक्षात येते.

खरे कारण आहे ते नेतृत्व ज्या पद्धतीने काढून घेतले गेले त्यात. २०१३ च्या मोसमात, मध्यावर, रिकी पाँटिंगने धावा होत नाहीत म्हणून स्वतःला संघाबाहेर ठेवले आणि रोहित कर्णधार झाला. तिथून २०१३, २०१५, २०१७, २०१९ आणि २०२० अशी पाच विजेतेपदे. चाहत्याच्या दृष्टीने मुंबई इंडियन्स आणि रोहित या दोन वेगळ्या गोष्टी उरल्याच नव्हत्या. त्यात वेळ पाहा. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत एकदिवसीय विश्वचषकाची अंतिम लढत भारत हरला होता. संपूर्ण स्पर्धेत एकही सामना न हरता तिथवर पोहोचलेला रोहित पडलेल्या चेहऱ्याने मैदानाबाहेर गेला, हे देशाने पाहिले होते. त्याला महिनाही झाला नव्हता आणि हे निवेदन आले. घरात सुतक असताना वाटणीचा विषय काढावा, तसा हा प्रकार.

आणि मग शांतता. निर्णय कोणी घेतला, रोहितशी बोलणे झाले का, त्याचे म्हणणे काय होते? फेब्रुवारीत प्रशिक्षक मार्क बाउचर एका पॉडकास्टमध्ये म्हणाले, की हा निव्वळ क्रिकेटचा निर्णय होता आणि रोहितला मोकळेपणाने फलंदाजी करता यावी हा हेतू होता. मोसमापूर्वी मार्चमध्ये मुंबईत पत्रकार परिषद झाली. रोहितला हटवण्यामागे व्यवस्थापनाचे कारण काय, असा सरळ प्रश्न आला. व्यासपीठावर हार्दिक होता, बाउचर होते. उत्तर कोणीच दिले नाही.

माझ्या मते त्या मोसमाची हुर्यो याच क्षणी ठरली. प्रश्न विचारायला जागा नसली की माणूस ओरडतो. आणि ओरडायला समोर लागतो कोणीतरी. निर्णय घेणारे काचेमागच्या कक्षात बसलेले. मैदानाच्या मधोमध माइकसमोर उभा एकटा हार्दिक.

निर्णय मुळात चुकीचा होता का?

रागाच्या भरात हा प्रश्न कोणी शांतपणे विचारलाच नाही. २०२० नंतर मुंबईला विजेतेपद नव्हते. २०२१ मध्ये संघ बाद फेरीत पोहोचला नाही, २०२२ मध्ये तळाला गेला, २०२३ मध्ये अंतिम फेरीच्या उंबरठ्यावर गुजरातने रोखले. रोहितच्या २०२२ मध्ये २६८ आणि २०२३ मध्ये ३३२ धावा. दोन्ही वेळा सरासरी विशीच्या आसपास. त्याचे वय ३६. दुसरीकडे हार्दिकने नव्या कोऱ्या गुजरात संघाला २०२२ मध्ये विजेता आणि २०२३ मध्ये उपविजेता केले होते. कागदावर पाहिले तर कोणताही व्यवस्थापक हाच विचार करेल. मीही कदाचित हेच केले असते.

फरक पडतो तो करण्याच्या रीतीत. त्याच मोसमात, पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, २१ मार्च २०२४ रोजी चेन्नईनेही कर्णधार बदलला. महेंद्रसिंह धोनीच्या जागी आपला पुण्याचा ऋतुराज गायकवाड आला. चेन्नईकरांच्या मनात धोनीचे स्थान मुंबईत रोहितचे आहे त्याहून वरचेच. तरी चेपॉकवर ऋतुराजची हुर्यो उडाली नाही. कारण चेन्नईने सांगितले होते, की धोनीने स्वतः नेतृत्व सोपवले आहे. आणि मैदानात यष्टींमागे उभा धोनी ते रोज दाखवतही होता. चेन्नईलाही हे पहिल्या झटक्यात जमले नव्हते. २०२२ मध्ये रवींद्र जडेजाकडे दिलेले नेतृत्व मोसमाच्या मध्यावर धोनीकडे परत आले होते. दुसऱ्या वेळी त्यांनी सोपवणूक चारचौघांत दिसेल अशी केली. मुंबईत सोपवणूक कोणाला दिसलीच नाही. दिसले ते काढून घेणे.

मग हार्दिकचे काहीच चुकले नाही?

चुकले, आणि बरेच चुकले. क्रिकेट म्हणून त्याच्यावर टीका व्हायलाच हवी होती. अहमदाबादेतल्या पहिल्या सामन्यात जसप्रीत बुमरासारखा गोलंदाज हाताशी असताना नव्या चेंडूने हार्दिकने स्वतः गोलंदाजी केली. धावांचा पाठलाग अडखळत असताना तो सातव्या क्रमांकावर आला. मुंबई ६ धावांनी हरली. हैदराबादेत धावांचा पूर वाहत असताना पहिल्या दहा षटकांत बुमराला एकच षटक मिळाले. ज्याच्या घरी विहीर आहे त्याने टँकरची वाट पाहावी, असा हा हिशोब.

सर्वांत बोचरा सामना १४ एप्रिलचा. वानखेडेवर चेन्नईविरुद्ध शेवटचे षटक हार्दिकने स्वतःकडे ठेवले. धोनीने आल्या आल्या सलग तीन षटकार मारले आणि ४ चेंडूंत नाबाद २० धावा केल्या. नंतर रोहितने नाबाद १०५ धावा काढल्या आणि तरी मुंबई हरली. किती धावांनी? बरोबर २०. हा आकडा चाहत्यांच्या मोबाइलवर किती काळ फिरला, ते सांगायला नको. मोसमभरात हार्दिकच्या नावावर २१६ धावा आणि ११ बळी. वर षटकांची गती तीनदा कमी राखल्याबद्दल ३० लाख रुपये दंड आणि पुढच्या मोसमात एका सामन्याची बंदी.

तेव्हा ‘बुमराला लवकर का दिले नाही?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. हरसूलच्या मैदानावर टेनिस चेंडूने खेळणारा पोरगाही तो विचारेल, आणि त्याने विचारावा. पण वानखेडेवरची हुर्यो या प्रश्नाची नव्हती. नाणेफेकीच्या वेळी बुमराचे षटक कुठून आले? समाजमाध्यमांवर त्याच्याविषयी जे लिहिले गेले, त्यातल्या निम्म्या गोष्टींचा क्षेत्ररचनेशी काही संबंध नव्हता.

काहींनी त्याला मराठी-गुजराती असा रंगही दिला. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या टोकाला तो रंग फारसा चढत नाही. इथून गुजरातची हद्द जवळ. मजुरी, बाजारहाट, सोयरिकी दोन्हीकडे चालतात. आणि युक्तिवाद म्हणूनही तो लंगडाच आहे. वानखेडेचा लाडका बुमरा अहमदाबादचा. रोहितचा जन्म नागपूरचा, घरची भाषा तेलुगू, आणि क्रिकेट बोरिवलीचे. हार्दिक बडोद्याचा खरा, पण आयपीएलमध्ये त्याला पहिली संधी दिली ती २०१५ मध्ये मुंबईनेच, अवघ्या १० लाखांच्या मूळ किमतीत. मुंबईच्या पाचपैकी चार विजेत्या संघांत तो होता. परका म्हणायचे तर कोणाला?

असे पूर्वी कधी घडले होते का?

घडले होते, आणि याहून वाईट. १९७१ मध्ये अजित वाडेकर यांच्या नेतृत्वाखाली भारताने आधी वेस्ट इंडिजमध्ये आणि मग इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. मुंबईने त्यांची मिरवणूक काढली. तीनच वर्षांनी, १९७४ च्या इंग्लंड दौऱ्यात भारत ०-३ असा हरला, लॉर्ड्सवर ४२ धावांत गारद झाला, आणि त्याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले. इंदूरला १९७१ च्या विजयाची आठवण म्हणून काँक्रीटची मोठी बॅट उभारली होती. तिला काळे फासले गेले. वाडेकर त्यानंतर पुन्हा कसोटी खेळले नाहीत.

सचिन तेंडुलकरलाही वानखेडेने सोडले नाही. मार्च २००६ मध्ये इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत तो एका धावेवर बाद झाला, तेव्हा प्रेक्षकांतल्या एका गटाने हुर्यो उडवली. सचिनची! आज ते आठवले तरी त्या गटातला कोणी ‘मी होतो’ म्हणणार नाही.

पण वाडेकरांच्या गोष्टीला आणखी एक बाजू आहे. १९७१ मध्ये मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी वाडेकर कर्णधार झाले ते निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. हे तेव्हाही लोकांना ठाऊक होते. शिव्या घालायच्या तर मर्चंटना घालता येत होत्या, शाबासकी द्यायची तर त्यांनाच देता येत होती. निर्णयाला नाव होते, चेहरा होता. २०२४ च्या वादात रविचंद्रन अश्विनने असे मत मांडले, की याचा खुलासा करणे फ्रँचायझीचे काम नाही. मोठमोठे खेळाडू आपल्याहून धाकट्यांच्या हाताखाली खेळलेच आहेत, तेव्हा चाहत्यांनीच समजून घ्यावे. खेळाडूंपुरते ते खरे आहे. पण देशाच्या संघाचा कर्णधार बदलतो तेव्हा निवड समिती असते, तिचा अध्यक्ष पत्रकारांपुढे बसतो. फ्रँचायझीत समोर येते ते फक्त निवेदन.

हुर्योने व्यवस्थापनाचे काय बिघडते?

जवळजवळ काहीच नाही. चाहत्यांना याचीच कल्पना कमी असते.

पूर्वी प्रेक्षक मैदानाकडे फिरकला नाही तर आयोजकाच्या पोटात गोळा यायचा. आयपीएलचे अर्थकारण वेगळे आहे. २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. त्यातला मोठा वाटा दहा संघांत विभागला जातो. तळाच्या संघालाही तो मिळतो. त्याशिवाय जर्सीवरच्या जाहिराती. तिकीट विक्री ही त्यावरची मलई. संघ दहावा आला म्हणून मालकाचे दिवाळे निघत नाही, आणि पहिल्या लीगमधून दुसऱ्या लीगमध्ये घसरण्याची युरोपातल्या फुटबॉलसारखी भीती इथे नाहीच.

आता मोबाइलकडे या. मुंबई इंडियन्स हा संघ रिलायन्स समूहाने २००८ मध्ये ११ कोटी १९ लाख डॉलरला घेतला. त्या वेळचा तो सर्वांत महाग संघ. २०२४ मध्ये सामने फुकट दाखवणारे जिओसिनेमा हे अ‍ॅप त्याच समूहाच्या वायकॉम१८चे. म्हणजे हार्दिकची हुर्यो ऐकायला ज्याने रात्री साडेसातला अ‍ॅप उघडले, त्याने संघमालकाच्याच दुकानात पाय ठेवला. प्रेमाने उघडा की रागाने, प्रेक्षकसंख्येत ते एकच मोजले जाते. किंबहुना ‘आज वानखेडे काय करणार?’ ही उत्सुकता हा त्या मोसमाचा सर्वांत चांगला प्रोमो होता. हरसूलच्या चाहत्याचा राग खरा, पण तो डेटा पॅक जाळून व्यक्त होत होता. २०२५ पासून जिओहॉटस्टारवर सामने पाहायला ठरावीक रिचार्ज किंवा वर्गणी लागू लागली, तेव्हा तर राग व्यक्त करण्यालाही किंमत लागली.

त्यात नाशिककरांची आणखी एक गंमत. नाशिक जिल्ह्याचे क्रिकेट येते पुण्यातल्या महाराष्ट्र क्रिकेट संघटनेकडे, मुंबईकडे नव्हे. इथल्या संघटनेतून पुढे येणारा खेळाडू रणजी महाराष्ट्राकडून खेळतो आणि मुंबईला प्रतिस्पर्धी मानतो. पण पुण्याचे वॉरियर्स २०१३ नंतर आणि रायझिंग पुणे २०१७ नंतर गेले, तेव्हापासून आयपीएलमध्ये राज्याचा म्हणावा असा हा एकच संघ उरला. चाहत्याला दुसरा पर्यायच नाही, हेही मालकाच्या पथ्यावरच पडते.

जगात चाहते काय करतात?

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे आपला कर्णधार आणि हुकमी फलंदाज एकत्र. संघ हरला की पहिला दगड त्याच्यावर. पण तिथल्या ग्रीन बे पॅकर्स या संघाला मालकच नाही. १९२३ पासून तो लोकांच्या भागभांडवलावर चालतो. पाच लाखांहून अधिक भागधारक, लाभांश शून्य, शेअर बाजारात विक्री नाही. मिळतो तो मताचा हक्क आणि वार्षिक सभेत बसायची जागा. आपल्याकडच्या सहकारी दूध संस्थेची सभा डोळ्यांपुढे आणा. २०२१ मध्ये क्वार्टरबॅक आरन रॉजर्स आणि व्यवस्थापन यांचे बिनसले, तेव्हा अध्यक्ष मार्क मर्फी यांना त्या सभेत उभे राहून त्याविषयी बोलावे लागले.

बार्सिलोनाचेही तसेच. ऑगस्ट २०२० मध्ये बायर्नकडून ८-२ असा पराभव, पाठोपाठ मेसीची संघ सोडण्याची भाषा. तिथल्या सभासदांनी खेळाडूंची घरे शोधली नाहीत. अध्यक्षाविरुद्ध अविश्वास ठरावासाठी सह्या गोळा केल्या. ऑक्टोबरच्या अखेरीस जोसेप मारिया बार्तोमेऊ आणि त्यांच्या संचालकांनी राजीनामे दिले. आपल्या देशातही उदाहरण आहे. केरळ ब्लास्टर्सच्या ‘मंजप्पडा’ या चाहता संघटनेने गेल्या काही मोसमांत खेळाडूंऐवजी व्यवस्थापनाविरुद्ध फलक उभारले आणि तिकिटांवर बहिष्काराचा पवित्रा घेतला.

मुंबई इंडियन्स काही भागभांडवल विकायला काढणार नाही, हे उघड आहे. पण कर्णधार बदलताना निर्णय घेणाऱ्याने स्वतःच्या नावाने अर्धा तास पत्रकारांपुढे बसावे आणि शेजारी जुन्या-नव्या दोन्ही कर्णधारांना बसवावे, इतके तरी मागता येते. याला एक पैसा लागत नाही. चाहत्यांच्या फलकांवर ही एक ओळ दिसली असती, तर ती हुर्योपेक्षा जास्त टोचली असती.

पुढे काय झाले?

२९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये टी-२० विश्वचषकाची अंतिम लढत. दक्षिण आफ्रिकेला ३० चेंडूंत ३० धावा हव्या होत्या. हार्दिकने हाइनरिक क्लासेनला बाद केले, मग शेवटच्या षटकात १६ धावा वाचवायला चेंडू त्याच्याकडेच आला. पहिल्या चेंडूवर सूर्यकुमारने तो झेल घेतला. भारत ७ धावांनी जिंकला आणि हार्दिक मैदानातच रडला. ४ जुलैला मरीन ड्राइव्हवरून निघालेली मिरवणूक वानखेडेत पोहोचली, तेव्हा तेच मैदान त्याच्या नावाचा जयघोष करत होते. तीन महिन्यांचे अंतर, खुर्च्या त्याच.

पुढच्या लिलावापूर्वी संघाने बुमराला १८ कोटींना, सूर्यकुमार आणि हार्दिकला प्रत्येकी १६ कोटी ३५ लाखांना आणि रोहितला १६ कोटी ३० लाखांना राखले. बाउचर यांच्या जागी महेला जयवर्धने परतले. २०२५ मध्ये पहिल्या पाचपैकी चार सामने हरूनही वानखेडेवर तो जुना आवाज तसा ऐकू आला नाही. नंतर संघाने सलग सहा सामने जिंकले आणि चौथ्या क्रमांकावर राहून बाद फेरी गाठली. रोहित सलामीला खेळत होता, हार्दिक नाणेफेकीला जात होता. मार्च २०२४ च्या पत्रकार परिषदेतला तो प्रश्न मात्र पुन्हा कोणी फारसा विचारला नाही.